अदमास

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
(कोरडा, कारण खालची नदीची फाटा कधीच बुजली,
आता मोटारी वाहतात)
जाऊर नऊ वाजता चादर अंथरतो.
मी येते रात्रपाळी संपवून,
भुवयांवर पीठ तसंच.

चादरीवर पदकं, दातांचे चिमटे,
कुणाच्या लग्नातल्या सहा पेल्यांपैकी पाच,
आणि उन्हाकडे पाठ करून
तीन कॅमेरे.

"हा बघ. याला उजेड मोजायचं यंत्र आहे."
कपाळावर मधाच्या पोळ्यासारखी काच, वर एक काटा.
मी तळहाताने काच झाकली. काटा हलला नाही.
आभाळाकडे धरली. तरी नाही.
माझ्या थोरल्या नणंदेसारखा,
लग्न असो, मयत असो, चेहरा एकच.
"वारलाय," जाऊरने कबूल केलं,
"सत्त्याऐंशीच्या सुमाराला. पण दिसतो भारदस्त."

दुसरा सोनेरी. अंगावर ताजा कोरलेला गरुड.
"जर्मन," तो म्हणाला,
मग माझ्या हातांकडे पाहून,
"म्हणजे, पाहुण्यांसाठी जर्मन."

तिसऱ्याला काहीच नव्हतं.
ना काटा, ना पोळं, ना बॅटरीची खोबण.
डोक्यावर दोन चकत्या, पुढे भिंग,
जुन्या ग्रीसमुळे कुरकुरत फिरणारं.
उचलला तर झोपलेल्या मांजराएवढा जड.
बुडाशी खिळ्याने खरवडलेलं: गि. त्स., १९५८.

"आणि याला उजेड सांगणार कोण?"
"तू."
थर्मासच्या झाकणात त्याने चहा ओतला.
"आधी चावी भर, मगच वेग बदल.
उलट केलंस तर आतले दात जातात.
बाकी काय, सावली धारदार तर सोळा,
कडा विरल्या तर अकरा,
जेमतेम दिसली तर आठ.
आणि सावलीच नसली तर
घरी जाऊन झोप."

आमच्या भट्टीतही कुणी तापमापक टांगला नाही.
पिक्रियाने माझं मनगट धरून
हात तोनेच्या तोंडाशी नेला होता: मोज.
चारला हात मागे आला तर पाव करपणार,
सहाला आला तर लाव भिंतीला,
नऊपर्यंत टिकला तर कणीक
घसरून निखाऱ्यात जाणार.
दोन वर्षं मी बहुतेक निखारेच जेवू घातले.

डोळा लावला.
दोन जाऊर दिसले,
एक खरा, एक मधाच्या रंगाचा,
खऱ्याच्या जरा डावीकडे, त्याचीच टोपी घालून.
भिंग फिरवलं तसा मधाचा सरकत आला
आणि खऱ्यात जाऊन बसला.
"हललास का?" मी विचारलं.
"कोण, मी?"

मग पाठ उघडली, पडदा आभाळाकडे धरला.
काळ्या कापडात एकच तारा.
कुणीतरी भिंग उघडं ठेवून
सूर्यासमोर विसरलं होतं. गि. त्स.च असेल.
"प्रत्येक फोटोत इथे ठिपका येईल," मी म्हटलं.
"काळं रबर लावून देतो."
"नको. वीस लारी कमी कर."
"दहा."
"दहा, आणि उद्या एक शोती."
"गरम?"
"नऊ वाजता? कोमट."

असा तो माझा झाला.

लगेच फिल्म भरली, तीही त्याच्याकडचीच,
मुदत कधीची ते पाहिलं नाही.
चादरीवर हात पसरला.
बोटांच्या सावल्या पदकांवर पडल्या,
कडांना जराशी लव.
"अकरा," मी म्हणाले.
"सोळा," जाऊर. "तुझे डोळे रात्रीचे आहेत."
"तुझी टोपी डोळ्यांवर आलीय."
शेजारची घड्याळवाली एलिको
कुणी विचारलं नसताना म्हणाली, "आठ."

तेवढ्यात एक ढग आला, आम्ही तिघं थांबलो,
तो गेला.
मी तळहात उन्हात धरला, भट्टीसमोर धरते तसा,
आणि सहापर्यंत मोजलं.

अक्रोड फुटल्यासारखा आवाज झाला.

किती ठेवलं होतं, ते मी दोघांनाही सांगितलं नाही.
रोल अजून आतच आहे.
चौतीस उरलेत.